समोरचा गाळा

तेनालीचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला कंपनीनं हैमवतीला हैदराबादहून पाठवलं. कंपनी गाद्यांची. काही गाद्या दुकानांत विकल्या जात, बाकीच्या लोक फोनवरून मागवत आणि त्या गोदामातून थेट घरी जात. दुकान कुठे असावं आणि गोदाम कुठे, हे शोधणं हैमवतीचं काम. तेनालीच्या दुकानात महिनोन्‌महिने गादी हलत नव्हती. साहेबांच्या मते निर्णय झालेलाच होता, तिनं फक्त बघून यायचं होतं.

ती पोचली तेव्हा दुकानातल्या सगळ्या पलंगांवर माणसं झोपली होती. व्यवस्थापक कोटय्या पावलं न वाजवता हिंडत होते.

“यांना उठवत नाही तुम्ही, गारू?” तिनं आदरानं, हळू विचारलं.

“गिऱ्हाईक आहे, अम्मा. उठवून कसं चालेल?”

“मग घेतात का काही?”

“घेतात की. घरी जातात, मुलाला फोन करतात. मुलगा बंगळुरूहून मागवून देतो. आमच्या दुकानाच्या नावावर भोपळा.”

हैमवतीनं आकडे पुन्हा काढले. तेनालीच्या आसपास फोनवरची मागणी इतर गावांहून जास्त होती आणि गादी परत पाठवणारं जवळजवळ कुणी नव्हतं. परत आलेली गादी दुसऱ्याला विकता येत नाही, इतर गावांत कंपनी खरी बुडत होती ती अशा परत आलेल्या गाद्यांतच. तिनं कळवलं, दुकान ठेवा, माल विजयवाड्याबाहेरच्या गोदामात हलवा, आणि दुकानात विक्रीच करू नका. लोकांनी यावं, पडावं, जावं. साहेबांनी आठवडाभर वाद घातला. मग ही कल्पना त्यांनी स्वतःची म्हणून वर सांगितली.

कोटय्यांना सांगायला ती स्वतः गेली.

“मग मी विकायचं काय?”

“काही नाही, गारू. पगार तोच राहील.”

“उभा जन्म विकण्यात गेला माझा. आता झोपलेल्या माणसांची राखण करू?”

“राखण नाही हो.”

“मग काय म्हणतात त्याला?”

अहवालात त्याला एक भारदस्त इंग्रजी शब्द होता. तो त्यांच्यासमोर उच्चारायचा तिला धीर झाला नाही. कोटय्यांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. हैमवतीला वाईट वाटलं. मग तिला ओंगोलला पाठवलं गेलं आणि तिथल्या गडबडीत ते वाटणंही मागे पडलं.

संक्रांतीनंतर तेनालीची मागणी एकदम आटली. ती पुन्हा आली, तर पलंग पूर्वीसारखेच भरलेले. समोरच्या गाळ्यात मात्र कोटय्यांची बायको सीतारत्नम गादीला टाके घालत होती आणि कोटय्या सावरीचा कापूस पिंजत होते. त्यांनीच हात केला.

“या, अम्मा. ताक घेणार?”

ती स्टुलावर बसली. “लोक तिकडे झोपतात आणि इकडे घेतात?”

“उठले की रस्ता ओलांडतात. किती मऊ हवी ते मी विचारतो. संध्याकाळी गादी घरात.”

“हे तुम्हाला बरं दिसतं का?”

“जागा तुम्हीच निवडलीत ना? तुमच्याइतकी पारख मला कुठली.”

“तिला ताक तरी पिऊ द्या,” सीतारत्नम म्हणाली.

हैमवतीनं राग येतो का ते पाहिलं. आला नाही. ताक चांगलं होतं.

कंपनीनं दुकान दुसऱ्या रस्त्यावर हलवायचं ठरवलं आणि जागा बघायला तिलाच ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या, हवेशीर जागेपाशी ती उभी असताना कोटय्यांचा फोन आला.

“ठरली का जागा?”

“ते मी तुम्हाला सांगायचं असतं का, गारू?”

“नका सांगू. समोर एखादा गाळा रिकामा आहे का, एवढंच विचारतो.”

हैमवतीनं वळून पाहिलं. होता. शटरवर मालकाचा नंबर रंगवलेला होता. तिनं तो सावकाश वाचून दाखवला, आणि कोटय्यांनी लिहून घेतल्यावर त्यांच्याकडून एकदा पडताळूनही घेतला.