सगुणाचा दंड

कोपरीचा गुणाजी मिठागरावर कामाला होता. देवीच्या साथीत त्याच्या थोरल्या भावाचे दोन्ही डोळे गेले होते, म्हणून आपल्या लहानग्या पोरीला, सगुणाला, देवी काढून घ्यायच्या, म्हणजे लस टोचून घ्यायची, हे त्याने दिवाळीतच ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. बायको बायजा आधी नको म्हणत होती, तिला त्यानेच समजावलं.

मग माघात सरकारी पट्टेवाला दारात आला. मूल आठ दिवसांत नौपाड्याच्या धर्मशाळेत आणायचं, नाही आणलं तर पोलीस येऊन नेतील, असं त्याने कागद वाचून सांगितलं आणि गुणाजीचा अंगठा उठवून घेतला. गुणाजीच्या डोक्यात काहीतरी घट्ट मिटलं. त्याच दिवशी पोरीला आणि बायजाला घेऊन तो खाडीकाठच्या मिठागरावरच्या झोपडीत जाऊन राहिला.

"तूच नेनार व्हतास ना?" बायजाने विचारलं.

"नेनार व्हतो तवा पोर माजी व्हती. आता नेली तर त्यांची."

बायजाला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही पुरतं समजलं नव्हतं. पण बांधावर माणूस दिसला की त्याचा हात फावड्याकडे जायचा. कोपरीत त्यांच्या आळीतली दोन पोरं देवीने गेली. पट्टेवाला बंद घराला दोनदा हाक मारून गेला. तिसऱ्यांदा पोलीस घेऊन येणार, अशी खबर बायजाच्या भावाने आणली. ते ऐकून बायजा रडली नाही की भांडली नाही. पोरीला मांडीवर घेऊन एवढंच म्हणाली, "तुजं भांडन पट्टेवाल्याशी. देवी काय त्याला इचारून येते?"

गुणाजीने फावडं बाजूला ठेवलं. पोलीस उद्या येणार होते. मग आज जायचं, आपल्या पायांनी. पोरीला खांद्यावर घेऊन तो चिखल तुडवत निघाला.

धर्मशाळेत सहा बाया आपापली पोरं घेऊन ताटकळत बसल्या होत्या. देवी काढणारे डॉक्टर वैतागलेले होते. लस संपली होती. आठ दिवसांपूर्वी देवी काढलेल्या पोराच्या दंडावरचा फोड भरला की त्यातलीच लस पुढच्या पोरांना टोचायची, अशी रीत होती. आज भरलेला फोड एकाच पोराचा होता, चेंदणीच्या तुळसा कोळणीच्या गणूचा. आणि ती दार लावून बसली होती.

"जा, ओढून आण तिला," डॉक्टर पट्टेवाल्याला म्हणाले. त्याने काठी उचलली.

गुणाजीने त्या काठीकडे पाहिलं. ही काठी आपल्या दारात यायची होती. आणि आता ती आपल्याच पोरीसाठी निघाली होती. त्याने हात जोडले आणि आधी एकट्याला जाऊ देण्याची विनवणी केली. डॉक्टरांनी त्याला घटकाभराची मुदत दिली. सगुणाला खांद्यावर घेऊन तो चेंदणीत तुळसाच्या दारी गेला.

तुळसा दाराआडूनच बोलली. एकदाच टोचणार म्हणाले होते, आता फोडही फोडणार. पोर दोन दिवस तापाने फणफणलं होतं. गुणाजीने तिचं सगळं ऐकून घेतलं. आपणही पोर लपवून बसलो होतो, हे सांगितलं. आळीतली दोन पोरं गेली, तेही सांगितलं.

"मी नाय म्हनलं तर?" तिने विचारलं.

"तर मी माघारी जाईन. पट्टेवाल्याला मी आननार नाय. पन तो येनार. ते माज्या हातात नाय."

 मग कडी निघाली. तुळसाने सगुणाकडे पाहिलं. जे काय करायचं ते इथं, माझ्या ओटीवर, माझ्या मांडीवर, ती म्हणाली. आणि या एकीपुरतंच.

डॉक्टर कुरकुरत आले. गणू कळवळला, सगुणाने टाहो फोडला, काम झालं. बाकीच्या पोरांसाठी लस घ्यायला डॉक्टरांनी सुई पुन्हा गणूच्या दंडाकडे नेली, तोच तुळसाने त्याच्यावर पदर ओढला. पट्टेवाला पुढे सरकला. गुणाजी उठून दोघांच्या मध्ये उभा राहिला. 

"तिनं एकीपुरतं म्हनलंय, सायेब."

"तिकडे सहा पोरं बसलीत," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "त्यांतलं एखादं गेलं तर?"

 गुणाजी जागचा हलला नाही. अखेर डॉक्टरांनी सुई पुसली आणि ते निघून गेले.

ते आठ दिवस गुणाजीला अन्न गोड लागलं नाही. मिठागरावर फावडं मारताना तो ती सहा पोरं मनात मोजायचा. आठव्या दिवशी उजाडायच्या आत तो सगुणाला आणि बायजाला घेऊन धर्मशाळेच्या पायरीवर जाऊन बसला. पट्टेवाला अजून घरातून निघालाही नव्हता. डॉक्टर आले तेव्हा गुणाजीने स्वतःच पोरीची बाही वर केली आणि पुरेल तेवढ्यांना द्या म्हणाला.

त्या बाया एकेक करून आल्या. पाचच आल्या. सहावीच्या पोराला चार दिवसांपूर्वी देवी आल्या होत्या.

गुणाजीने तिचं घर कुठे म्हणून विचारलं. पट्टेवाल्याने हाताने दिशा दाखवली. पोरीला बायजाकडे देऊन तो त्या दिशेने चालू लागला. तिथं जाऊन काय बोलायचं, हे त्याला माहीत नव्हतं.