पैसे पाठवायच्या दुकानातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझी गोष्ट जरूर ऐका, पण ऐकताना मागच्या दोन पायांवर झुलू नका. तुम्ही झुलता तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो, आणि पडलात की घरातले सगळे खुर्चीलाच नावं ठेवतात. हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. माणूस भारी तापट. सकाळपासून कोणावर ना कोणावर ओरडत असायचा, पण रंधा हातात घेतला की गप्प. त्यानं मला तासलं, घासलं, वेताची बैठक विणली, मग स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, "हं. दणकट झाली." त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे खूपच झालं! माझ्या बहिणी एका खानावळीत गेल्या. मी मात्र एका चिंचोळ्या दुकानात आले. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा आणि मधे आमचं दुकान. आत एक काउंटर, त्यावर काच, काचेमागे मालक. माझी जागा काचेच्या अलीकडे, गिऱ्हाइकासाठी.

पहिले काही दिवस मी हिरमुसलेलीच होते. या दुकानात विकायला काहीच नव्हतं! लोक यायचे, पैसे द्यायचे आणि रिकाम्या हातानं जायचे. मला वाटलं, काय खुळी माणसं आहेत. मग हळूहळू कळलं, की इथून परदेशातल्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवतात. येणारे गवंडी, आया, ट्रक चालवणारे, इस्पितळात फरशी पुसणाऱ्या बायका. आपण ज्याला परदेश म्हणतो ते त्यांचं घर होतं. कोणाची मुलं तिकडे, कोणाचे म्हातारे आईवडील तिकडे. हे कळल्यावर मात्र मी पाठ ताठ करून बसले. म्हणजे, उभी राहिले. खुर्चीचं तसं सांगणं अवघडच.

मालक चिक्कू होते. विजेचा दिवा एकच, पंखा गिऱ्हाईक आलं तरच. "फी म्हणजे फी, त्यात घासाघीस नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काउंटरवरचं बरंचसं काम त्यांची भाची बघायची. ती बोलकी होती, हसरी होती, आणि मुख्य म्हणजे रोज मला पुसायची. तिच्यावर माझा फार जीव.

आमच्याकडे दर शनिवारी एक ताई यायच्या. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात त्या इस्त्री करायच्या. दिवसभर वाफेत उभ्या राहून पाय सुजलेले असायचे. आल्या की माझ्यावर धपकन बसायच्या आणि म्हणायच्या, "आई गं! आता कोणी उठ म्हटलं तरी उठायची नाही." शनिवारी त्यांचा आठवड्याचा पगार व्हायचा. त्यातले थोडे त्या आईच्या खात्यात पाठवायच्या. त्या पैशांवर आईचं घर चालायचं आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण. धाकटी नर्स व्हायला शिकत होती आणि वसतिगृहात राहत होती. घरी आई एकटी.

आता गंमत बघा. दुकानात पैसे कितीही पाठवा, फी तेवढीच. ताई थोडे पाठवायच्या तरी फी पूर्ण, आणि तीही दर शनिवारी. धाकटीच्या दुसऱ्या वर्षाची फी जवळ आली तशी ताईंची ओढाताण सुरू झाली. एकदा पाकीट उलटं करून त्या काकुळतीनं म्हणाल्या, "काही केलं तरी पुरत नाही गं. या वेळी फी वेळेत गेली नाही तर तिचं नाव काढून टाकतील."

भाचीला राहवलं नाही. मालक चहाला गेलेले पाहून ती काचेजवळ वाकली. "ताई, दर आठवड्याला पाठवू नका ना. महिन्याचे एकदम पाठवा. फी एकदाच बसेल. तुमच्या बँकेला सांगून ठेवलंत तर तेच पैसे दर महिन्याला आपोआप तिकडच्या खात्यात जातील, आणखी स्वस्तात. इथं यायचीही गरज नाही."

"अगं, मग तुझ्या मामांचं काय?"

"मामांचं काय व्हायचंय? ओरडतील दोन दिवस."

चार दिवस ओरडले! "दुकान बुडवायला बसवलंय का तुला इथं?" म्हणून त्यांनी भाचीला चांगलंच धारेवर धरलं. पण ताईंचे पैसे वाचायला लागले. नव्या रीतीनं त्यांनी पहिल्यांदाच एक घसघशीत रक्कम आईच्या खात्यात पाठवली. धाकटीची फी त्यातच होती. मी खूश होते, पण खरं सांगू? शनिवारची संध्याकाळ मला खायला उठायची. ताईंची सवय झाली होती हो.

आणि मग एक दिवस त्यांच्या फोनवर आमच्याच दुकानाचं नाव आलं. त्या कामावरून तशाच धावत आल्या, कपाळावर घाम.

"ताई, तुमच्या नावावर पैसे आलेत," भाची म्हणाली.

"माझ्या नावावर? मला कोण पाठवणार?"

"तुमच्या आईनं पाठवलेत."

ताई मटकन बसल्या. माझा एक सांधा कुरकुरला, पण त्याचं काय एवढं. ती रक्कम म्हणजे ताईंनी पाठवलेले सगळेच्या सगळे पैसे होते! धाकटीची फीसुद्धा त्यातच, आणि ती भरायची शेवटची तारीख तर तोंडावर आलेली. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आईला काय झालं? तिला काही कमी-जास्त तर…" असं म्हणत त्यांनी धाकटीला फोन लावला. आईलाच का नाही लावला, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, ताईंची आई ठार बहिरी होती, आणि तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं. तिला फोन लावून उपयोग नव्हता. धाकटी म्हणाली, "मी आत्ताच्या आत्ता बसनं घरी जाते. तू तिथंच थांब."

ताई थांबल्या. पण आधी त्या भाचीला म्हणाल्या, "दे ते पैसे, मी परत पाठवते. पाठवायची फी गेली तर गेली." तेवढ्यात आतून मालक ओरडले, "सही करू नका!" मी दचकलेच. भाचीही दचकली. मालक काचेमागून बाहेर आले. "बाई, हे पैसे तुम्ही उचललेच नाहीत तर ते तुमचे झालेच नाहीत. पाठवणाऱ्याला होते तसे परत जातील. उचललेत की पुन्हा फी, पुन्हा कापाकापी, आणि पोरीच्या फीला कमी पडतील."

"पण वेळेत जातील का?"

"बघतो," असं म्हणून मालकांनी कंपनीच्या कचेरीत फोन लावला. ताईंना त्यांनी आतल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्यांच्या कानात नुसतं गाणं वाजत होतं, कोणी उचलेना. मालक घामाघूम झाले, पण फोन ठेवेनात. अखेर कोणीतरी बोललं. मग जे काही भांडण झालं ते विचारू नका. आईनं तिकडे पैसे पाठवताना भरलेली फी काही परत मिळेना. ती बुडाली ती बुडालीच. पण बाकीची रक्कम दुसऱ्याच दिवशी आईला परत मिळेल, असं त्यांनी वदवून घेतलंच. ताईंच्या जिवात थोडा जीव आला.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला, तोही दुकानाच्या फोनवर; नंबर ताईंनीच तिला दिला होता. भाचीनं आवाज मोठा केला.

"ताई, आई ठणठणीत आहे."

"मग पैसे का पाठवले तिनं?"

धाकटी म्हणाली, "ताई, तुला आठवतं, बँकेत पैसे आले की आईचा फोन थरथरतो? ती तो कमरेच्या पिशवीत ठेवते. दर शनिवारी संध्याकाळी तो थरथरला की ती मनाशी म्हणायची, माझी लेक बरी आहे. मगच जेवायला बसायची. आम्हाला कधी बोलली नाही. मग एकदम शनिवार थांबले. आधी एकगठ्ठा एवढे पैसे आले, मग काहीच नाही. तिला वाटलं, तुला कामावरून काढलं, आणि शेवटचा हिशेब चुकता करून मिळालेलं सगळं तू इकडे पाठवलंस. स्वतःजवळ काही न ठेवता."

तिच्या मागून आईचा मोठ्ठा आवाज आला. बहिऱ्या माणसांचा असतो तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "पैसे पोचले का विचार तिला! म्हणावं पोटभर जेव! आमचं आम्ही बघू!"

ताई हमसून हमसून रडायला लागल्या. "मी तिला सांगितलंच नाही गं. पैसे उलट जास्तच जाणार होते, त्यात सांगायचं काय, असं वाटलं मला." भाचीनं डोळे पुसले. मालक उगाचच भिंतीवरची परदेशी चलनांच्या भावांची पाटी पुसत बसले.

मग ताईंनी स्वतःचा फोन काढला आणि आईचा नंबर लावला. एक रिंग दिली आणि कापला. परत लावला, परत कापला. तिकडून धाकटी किंचाळली, "थरथरला! ताई, थरथरला! आई पिशवीवर हात ठेवून बसलीय. मी तिला हातांनी सांगितलं, तूच केलास म्हणून. अगं, ती हसतेय. नाही, रडतेय. थांब, दोन्ही करतेय!"

मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या दिवशी माझ्याही आत काहीतरी हललं.

पैसे वेळेत परत गेले. धाकटीचं नाव राहिलं. ताईंचे पैसे आता महिन्यातून एकदा, स्वस्तात आणि आपोआप जातात. आणि तरीही ताई दर शनिवारी येतात. माझ्यावर धपकन बसतात, आईला एक रिंग देतात आणि कापतात. त्याला दमडीही पडत नाही. मालक कुरकुरतात, "फुकट खुर्ची झिजवायला येतात," पण त्या आल्या की पंखा स्वतः लावतात.

मी आता म्हातारी झाले. वेताची विण सुटत चाललीय. लोक घरूनच फोनवरून पैसे पाठवतात, दुकान ओस पडत चाललंय. मला बाहेर काढायची भाषा दोनदा झाली. दोन्ही वेळा भाचीनं मालकांना गप्प केलं.

तुम्ही मोठे व्हाल, लांब जाल, घरी पैसे पाठवाल. जरूर स्वस्तात पाठवा. फी वाचवण्यात कसला कमीपणा? पण पाठवायची रीत बदललीत, तर घरी तेवढं सांगा. तिकडे कोणीतरी कशावर तरी कान लावून बसलेलं असतं, आणि ते कशावर, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून तुम्हीच विचारा.

गेल्याच शनिवारी ताईंनी नेहमीसारखी रिंग दिली, कापली आणि उठायला लागल्या. तोच त्यांच्या हातातला फोन वाजला. एकदाच वाजला आणि बंद झाला. ताईंनी नंबर पाहिला आणि परत खाली बसल्या. धाकटीनं आईला बटण दाबायला शिकवलं होतं.