चार पानी पुस्तिका

चार पानं! दोन वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या पिनबॉल यंत्राबरोबर कंपनीने चार पानांची पुस्तिका पाठवली, आणि त्यातली दोन पानं काच कशी पुसावी यावर. जुन्या यंत्रांबरोबर जाडजूड पुस्तक यायचं, कुठली तार कुठे जाते ते सगळं त्यात काढून दाखवलेलं. आता काय, तर ‘बिघाड झाल्यास विक्रेत्याशी संपर्क साधा’. ही ओळ माझ्या डोक्यातच जाते.

दादाच्या गेम पार्लरमध्ये त्या दिवशी चार वाजता अंतिम सामना होता, तोही याच यंत्रावर. आठ खेळाडू बाहेरगावाहून निघाले होते. अकरा वाजता डावा फ्लिपर मेला. बटण दाबलं की गोळी वर भिरकावणारा तो छोटा हात हलेना, म्हणजे खेळच संपला.

बिघाड मी तासाभरात काढला. पण मी मीटर आणायला वळले तेवढ्यात दादाने ‘मदत’ म्हणून दोन कनेक्टर उपसून ठेवले. दोन्ही पांढरे, दोन्ही पाच पिनांचे. एकात अठ्ठेचाळीस व्होल्ट, दुसऱ्यात पाच. अदलाबदल झाली की यंत्राचा सर्किट बोर्ड खलास.

“लाव की अंदाजाने,” दादा म्हणाला.

“अंदाजाने तू लग्न केलंस. बोर्ड नाही लावायचा तसा.”

एका कनेक्टरमध्ये लाल तार होती. लाल म्हणजे जास्त व्होल्टची, मी तरी तसंच धरते. मीटर लावून माग काढायला आणखी तास गेला असता आणि दादा डोक्यावर उभा होता. मी लालवर भरवसा ठेवला, दोन्ही कनेक्टर बसवले आणि स्विच दाबला.

फट्! जळका वास आला. सगळे दिवे गेले.

दादाने विक्रेत्याच्या इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. “लाल तार भलत्याच जागी! एक साधा नकाशा दिला असता तर माझी बहीण फसली असती का?”

पलीकडचा आधी गुरगुरला, मग नरमला. “कारखान्याची चूक असेल तर नवा बोर्ड अडीचपर्यंत पोचवतो. जोडणी कुणी केली त्याची नोंद असते आमच्याकडे. त्याला आजच घरी बसवतो.”

मी यंत्रात डोकं घालून टॉर्चने लाल तारेचा माग घेत होते. वीतभर आत एक सांधा दिसला. वर काळी नळी, नळीवर दोरा, दोऱ्याला तीन गाठी. तीन गाठी फक्त मी मारते. मागच्या वर्षी उंदराने कुरतडलेली पाच व्होल्टची तार मीच बदलली होती. डब्यात लाल सापडली, लाल जोडली. लक्षात राहील म्हटलं. कागदावर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

गप्प बसले असते तर अडीचला बोर्ड, चारला सामना, दादा खूश. कुणाच्या बापाला कळणार होतं? पण कोणीतरी माणूस माझ्या सांध्यापायी नोकरी गमावणार होता.

“दादा, फोन दे.”

“थांब गं, जमतंय.”

“दे म्हणते ना!” मी फोन ओढून घेतला. “साहेब, ती लाल तार मी जोडलीय. तुमच्या माणसाची काही चूक नाही.”

“मग बाई, बोर्ड तीन आठवड्यांनी,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दादाने फोन खिशात टाकला आणि सामन्यासाठी मांडलेल्या खुर्च्या उचलायला लागला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पावणेचारला खेळाडू आले, तेव्हा तो दारातच म्हणाला, “सामना होणार नाही. चूक आमची आहे.” आमची म्हणाला. मला रडूच आलं.

ते गेल्यावर त्याने विचारलं, “बारा वर्षांत इथल्या यंत्रांमध्ये काय काय बदललंस?”

“बरंच.”

“सगळं आठवतंय?”

“निम्मंसुद्धा नाही.”

दादा उठला आणि पार्लरमधल्या सगळ्या यंत्रांचे स्विच त्याने एकेक करून बंद केले.