चाळीस पॉइंट चार

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आता एका दमात लिहितो, नाहीतर परत पुसेन.

आमचं गाव इंग्लंडमधल्या लिंकनशायरात, चहूकडे बटाट्याची सपाट शेतं. मिस्टर पेल यांच्या मागच्या अंगणात एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी आहे. आत थर्मामीटर. रोज सकाळी नऊला ते वाचायचं, वहीत लिहायचं, हवामान खात्याला कळवायचं. एक्केचाळीस वर्षं झाली, एकही दिवस कोरा नाही. पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पेल आधी पेटीकडे गेले, मग चर्चमध्ये.

जूनमध्ये ते जिन्यावरून पडले, खुबा मोडला. मग पेटी माझ्याकडे आली. मी बटाट्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. सोळाव्या वर्षी शाळा सोडली. ढग, वारा, पारा, सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. वयात पन्नास वर्षांचं अंतर, पण मित्र म्हणाल तर मला तेच एक.

जुलैतला तो मंगळवार. गवत वाळून कडक झालेलं, रस्त्याचं डांबर बुटांना चिकटत होतं. दुपारी तीनला राहवेना म्हणून पेटी उघडली. अडतीस पॉइंट नऊ! गावाचा जुना उच्चांक साडेपस्तीस. फोटो काढायला गेलो तर आत नीट दिसेना. म्हणून थर्मामीटर बाहेर काढला आणि उन्हात धरला. मिनिटभरच.

हा थर्मामीटर दिवसाचा उच्चांक धरून ठेवतो; पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. फोटोत बघतो तर चाळीस पॉइंट चार.

काय झालं ते मला तिथेच कळलं होतं. तरी तो गुपचूप आत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तोच आकडा वहीत लिहिला, कळवला, फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला.

गुरुवारी पबमध्ये फळ्यावर खडूने हा एवढा मोठा ४०.४. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा रॉडनी म्हणाला, "पेटीखाली शेकोटी पेटवली होती काय रे? हे तापमानबिपमान सगळं तुमच्यासारखेच वाढवतात."

"गप बस, रॉडनी," मालकीण मॉरीन कडाडली. "पेल एक्केचाळीस वर्षं राबलेत. तुझ्याच टाळक्याखाली शेकोटी पेटलीय."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो.

रविवारी पेलांकडे गेलो. वॉकर बाजूला ठेवून खिडकीशी बसले होते.

"ये, विक्रमवीर! चहा तूच कर, मला उठवत नाही." मग एकदम हळू बोलायला लागले. "खरं सांगू? आकडा ऐकला आणि रडलो रे. वाटलं होतं, चाळीस बघायच्या आत मी जाईन."

किटली हातातच राहिली. "मिस्टर पेल, मी थर्मामीटर बाहेर काढला होता."

"बाहेर म्हणजे?"

"उन्हात. फोटोसाठी."

मी किटली खाली ठेवली.

"मग खरा किती होता?"

"तीनला अडतीस पॉइंट नऊ. पुढे चढला असेल, नसेल. आता कुणालाच कळणार नाही."

"वही आण."

आणली. त्यांनी स्वतः आकड्यावर रेघ मारली. शेजारी काहीच लिहिलं नाही.

"आता बाकीच्या पंधरा हजार दिवसांवर कुणी का विश्वास ठेवावा, तूच सांग."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पारा दरवर्षी खरंच चढतोय, त्यांच्या वहीत तो पानोपानी दिसतोय, आणि रॉडनीच्या हातात मी आयतं कोलीत दिलं होतं.

"खात्याला आजच कळवतो," मी म्हणालो.

"कळव. तेवढं पुरे."

"नाही पुरे. गुरुवारी पबमध्ये जातो. फळा मीच पुसतो. काय केलं ते रॉडनीच्या तोंडावर सांगतो, आणि तो कितीही हसला तरी तुमची सगळी वर्षं त्याला वाचून दाखवल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. शब्द देतो."