पंप कोणी उघडायला सांगितला

नत्थू वासनिकचं पत्र येऊन एकोणचाळीस दिवस झाले होते आणि श्यामराव गजभिये यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांनी जाड शब्दकोशात दडवून ठेवलं होतं, कारण ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्या घरात शब्दकोश दुसरं कोणी उघडत नसे. रोज जेवण झालं की ते पत्र काढत, वाचत, आणि मजकूर कालचाच आहे असं पाहून परत ठेवून देत.

पत्र साधं होतं. 'सर, मी मार्चअखेर फौजेतून निवृत्त होत आहे. जाताना मानाचा हुद्दा मिळतो, पण माझ्या कागदावर शिक्षेची ती लाल शाईची नोंद आहे. ती काढून टाकावी म्हणून मी अर्ज केला आहे. पंप उघडायला त्या दिवशी फोनवर तुम्ही सांगितलं होतं, एवढंच लिहून द्या. कागद वीस जानेवारीच्या आत पोचायला पाहिजे. तुम्हाला त्रास होईल हे समजतं. पण दुसरं कोणी नाही.'

आज बारा तारीख होती.

श्यामराव फौजेच्या एका वर्कशॉपात मुलकी कारकून होते. फौजेत यंत्र बिघडलं की ज्याला येतं त्यानं ते दुरुस्त करावं, असं नसतं. कोणतं काम कोणाचं, हे तक्त्यात ठरलेलं असतं. तेल, फिल्टर, पट्टा बदलणं हे पलटणीतल्या मेकॅनिकचं. पंप खोलणं मागच्या वर्कशॉपचं. अख्खं इंजिन नव्यानं बांधणं त्याहून मागच्या मोठ्या कारखान्याचं. पहिली, दुसरी, तिसरी पातळी. तो तक्ता श्यामराव सांभाळत. बोलायला लाजणाऱ्या माणसाला तेवढं एक काम नेमकं जमलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला आणि पुढच्या चौकीवरचा जनरेटर थांबला. तिथल्या आजाऱ्यांच्या तंबूची ऊब त्याच्यावरच होती. तिथल्या मेकॅनिकनं, नत्थूनं, फोन केला. "सर, डिझेलचा पंप अटकून राहिला. उघडू का?" साहेब जागेवर नव्हते. श्यामरावांसमोर नव्या तक्त्याचा कच्चा कागद होता. हिवाळ्यापुरतं पंपाचं काम पहिल्या पातळीवर द्यावं, अशी सूचना त्यांनी स्वतःच पेन्सिलीनं त्यावर लिहिली होती. मंजुरी यायची होती. ती येणारच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "उघड," ते म्हणाले. "नव्या तक्त्यात ते तुमच्याकडेच आलं आहे."

जनरेटर नऊ दिवस चालला, मग पंप कायमचा जाम झाला. सूचना नामंजूर झाली. चौकशीत नत्थूनं फोनचं सांगितलं. श्यामरावांकडे खुलासा मागितला गेला, तेव्हा त्यांनी तीन रात्री विचार करून एक वाक्य लिहिलं: 'या कार्यालयातून अशी कोणतीही लेखी परवानगी देण्यात आलेली नाही.' लाल शाई नत्थूच्या कागदावर उमटली. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टोचत होतं.

आता लिहून दिलं तर? जुनी फाईल उघडेल. पेन्शन अडकेल. सिलतऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला लोकेश म्हणेल, माझा बाप असा होता? विचार इथवर आला की श्यामराव शब्दकोश मिटून टाकत.

"मामाजी, चलता का सदर बाजारात?" सून मोनाली दारात उभी होती. हातात पिशवी, पिशवीत मिक्सर. "तुमच्या पहिल्या पातळीनं काही जमलं नाही."

ते ओशाळले. घरातल्या दुरुस्त्यांनाही ते पातळ्या लावत आणि मोनाली त्यावरून त्यांची फिरकी घेई. काल मिक्सर बंद पडला तेव्हा तेच म्हणाले होते, "उघड. चार स्क्रू तर आहेत."

दुकानदारानं मिक्सर उलटा केला. "दीदी, ये तो वॉरंटी में था. सील किसने तोड़ा?"

श्यामराव शेजारीच होते. समोर टांगलेल्या कुकरच्या झाकणांकडे ते पाहत राहिले.

"मैंने ही तोड़ा, भैया," मोनाली म्हणाली.

"फिर तो वॉरंटी गई."

स्कूटर लावली होती तिथवर दोघं आले.

"माझं नाव काहून नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"भर दुकानात सासऱ्यावर ढकलू का मी?"

"खरं तेच सांगायचं होतं ना."

"खरं सांगाले तुम्हीच होते ना तिथं, मामाजी." ती हसत म्हणाली आणि तिनं स्कूटर चालू केली. ती ते विसरूनही गेली असेल. श्यामराव मागच्या सीटवर मिक्सर पोटाशी धरून बसले होते, आणि त्यांना वाटत होतं, आपल्याला उतरताच येणार नाही.

घरी आल्यावर ते लिहायला बसले. पहिल्या खेपेला साडेतीन पानं झाली: बर्फ, थंडी, साहेबांची गैरहजेरी, कच्चा कागद. वाचून पाहिलं तर त्यात नत्थू जेमतेम दोनदा आला होता. ती पानं त्यांनी फाडली. दुसऱ्या खेपेला पाचच ओळी झाल्या. त्यातली एक अशी: 'मी तेव्हा "लेखी" हा शब्द मुद्दाम घातला होता. तोंडी परवानगी मीच दिली होती.'

"काय लिहून राहिले?" मोनाली चहा घेऊन आली होती.

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला, पुन्हा वाचला. दुकानातलं आता तिलाही आठवलं असावं. ती काही वेळ त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"पेन्शन रोकतील का?"

"माहीत नाही."

"ह्यांना सांगू?"

"नाही. लोकेशला मीच सांगतो. संध्याकाळी."

"मग चहा राहू द्या. पोस्ट बंद होईल."

पोस्टात खिडकीपुढे चार माणसं होती. चौघं सरकेपर्यंत श्यामरावांनी परत फिरायची दोन कारणं शोधली; दोन्ही व्याकरणशुद्ध होती. मग खिडकी आली.

"कब तक पहुँचेगा?"

"फौजी डाक है, बाबा. पाँच-छह दिन पकड़ लो. ज़्यादा भी लग सकता है."

आठ दिवस उरले होते. एकोणचाळीस त्यांनी घालवले होते.

"भेजने वाले का नाम? ठीक से दिख नहीं रहा."

"श्यामराव गोविंदा गजभिये," ते म्हणाले. मागच्या माणसानंही ऐकलं असेल, इतक्या मोठ्यानं.

बाबूनं शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.