दहाच्या पटीत

"अरे, वाच की! आकडा काय दिसतोय?" वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर एकटाच उभा राहून तो ओरडला.

पहिली गाडी तोलायला घेऊन आलेल्या ट्रक ड्रायव्हरने खिडकीतून केबिनमध्ये मान घातली. "नव्वद, साहेब!"

"नीट बघ. शंभर असेल."

"नव्वद म्हणजे नव्वद. शाळा सोडली मी, पण आकडे येतात मला."

ज्या पाटावरून रोज चाळीस-चाळीस टनांच्या गाड्या जायच्या, त्याच्या मधोमध तो मटकन बसला आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. "ताई, नव्वद दिसलं. उद्या सकाळी तयार राहा."

ताई आधी रडली. मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

वीस वर्षं तो या काट्यावर कारकून होता. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, वजाबाकी करून पावती फाडायची. स्वतः एकशे अठ्ठेचाळीस किलोंचा, म्हणून ड्रायव्हर त्याला टनसाहेब म्हणायचे आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. जाड माणसाला हसण्यावाचून दुसरा उपाय नसतो. काटा दहाच्या पटीत बोलायचा. नव्व्याण्णव असो की एकशे चार, त्याला सगळं शंभरच. कुणी दोन-चार किलोंसाठी हुज्जत घालायला लागला की टनसाहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "अरे, दहा किलोनं कुणी मरत नाही."

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई चौदाची. आईविना पोर रोडावलं असं लोकांनी म्हणू नये, म्हणून ताईने त्याला ताटावरून उठूच दिलं नाही. रडला की घास, हसला की घास. तिच्या मायेला दुसरी भाषाच येत नव्हती. पन्नाशी ओलांडल्यावर तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. पोटच्या मुलाने तपासणीचं नाव काढताच "मला अजून लग्न करायचंय" म्हणून अंग काढून घेतलं. हा न बोलवता गेला. याची किडनी जुळली. पण डॉक्टर म्हणाले, "एवढ्या वजनात तुमची किडनी काढणं धोक्याचं आहे. शंभराच्या आत या, मग बघू."

उपास केले, चालून चालून गुडघे दुखवून घेतले. आठ किलो उतरले आणि नऊ परत चढले. शेवटी त्याने पोट कापून लहान करून घेतलं. चार चमचे सूप प्यायलं की गच्च व्हायचं, पाचवा चमचा उलटून पडायचा. केस गळाले, कातडी लोंबू लागली. रविवारी तो ताईकडे जायचा. तिला पाणी मोजून, याला घास मोजून. दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या वाट्या बघायची आणि हसायची.

आठव्या महिन्यात काट्यावर शंभर दिसलं. याला कुठला धीर! ताईला बॅग भरायला लावली, भाच्याला गाडी काढायला लावली. हॉस्पिटलच्या काट्यावर भरले एकशे चार.

"शंभराच्या आत सांगितलं होतं ना, काका?" नर्स सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. भाचा फिस्सकन हसला. "मामा, तुमचा काटा पण तुमच्यासारखाच!" ताई भरलेली बॅग मांडीवर घेऊन बसली होती. तेच त्याला जास्त लागलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याने ठरवलं, आता काट्यावर नव्वद दिसल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढायची नाही. औषधाच्या दुकानात साधा काटा होता, पण तिथे पोरंटोरं टपून बसायची, आणि घरचा सरकारी शिक्क्याचा काटा असताना दुसऱ्याच्या काट्यावर का चढायचं? रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी तो पाटावर उभा राहायचा. शंभर. शंभर. शंभर. असे सात आठवडे गेले. मधे ताईला ताप येऊन गेला. "डायलिसिसच्या नळीपाशी जरा लाल झालंय, बाकी काही नाही," ती म्हणाली होती.

नव्वद दिसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या काट्यावर त्र्याण्णव भरले. नर्स तीच होती.

"मागच्या खेपेला एकशे चार, आज त्र्याण्णव. वा! पण एवढं थांबलात कशाला? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच शंभराच्या आत आला असाल."

"आमचा काटा..." त्याने सुरुवात केली. जन्मभर वजाबाकी केलेल्या माणसाला हा हिशेब सांगावा लागत नाही. त्याचा काटा शंभर दाखवत होता तेव्हा तो सत्त्याण्णव होता, शहाण्णव होता, पंचाण्णव होता. निदान तीन आठवडे तो उगाच थांबून राहिला होता.

दुपारी डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं. नळीतलं इन्फेक्शन ताईच्या हृदयाच्या झडपेपर्यंत गेलं होतं.

"महिन्यापूर्वीचे रिपोर्ट चांगले होते," डॉक्टर म्हणाले. "आता त्यांना हे ऑपरेशन सोसणार नाही."

"थोड्या दिवसांनी?"

डॉक्टरांनी फाइल मिटली. "आशा लावू नका."

ताई बाहेर बाकावर बसली होती. बॅग मांडीवरच होती.

"किती भरलं?"

"त्र्याण्णव."

"बघ! म्हटलं नव्हतं, तुला जमेल?" तिने त्याच्या दंडाची लोंबणारी कातडी चिमटीत धरली. "काय रे हे, नुसती पिशवी राहिली."

मग त्याने सगळं सांगितलं. काट्याचं, आठवड्यांचं, डॉक्टरांचं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला.

"गप," ती म्हणाली. "तुला कोंबून कोंबून भरवलं कुणी? मीच ना? मग तू कशाला रडतोस?"

एकोणीस दिवसांनी ती गेली. सगळं उरकल्यावर भाचा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "मामा, फुकटच कापून घेतलंत पोट," तो म्हणाला. त्याच्या मुस्कटात द्यावी असं याला फार वाटलं. पण हात उचलला नाही. कान उपटायचे झाले तर आधी स्वतःचे उपटावे लागले असते.

पुढच्या सोमवारी तो कामावर आला. त्या सकाळी तो पाटावर चढला नाही. पहिली गाडी त्याच ड्रायव्हरची होती. गाडी तोलली गेली आणि ड्रायव्हर पावती बघत खिडकीशी आला.

"टनसाहेब, दहा किलो जास्त लागलेत. खोडा की!"

"काटा दाखवतो तेच लिहितो मी."

"बरं, राहू द्या," ड्रायव्हर हसला. "तुम्हीच म्हणता ना, दहा किलोनं कुणी मरत नाही."

"मरतं," तो म्हणाला.

ही नवीन गंमत समजून ड्रायव्हर पोट धरून हसला आणि गाडीकडे गेला. टनसाहेबांनी ढिली झालेली पँट वर ओढली, पट्ट्याचं शेवटचं भोक लावलं आणि खिडकीतून पुढच्या गाडीला हात केला.