हिऱ्याच्या पट्ट्या आणि लंकाबाईची हळद

आमच्या विश्वेशशेठनी हिरे विकत घेतले आणि नुसते पडू दिले. दागिन्यातले नव्हेत. सातपूरच्या आमच्या शाईच्या कारखान्यात घाण पाणी साफ करायचं यंत्र आहे. त्यातल्या पट्ट्यांवर हिऱ्याचा पातळ थर असतो. वीज सोडली की पाण्यातला रंग, रसायनं तिथल्या तिथं तुटून जातात. पण विजेचं बिल येतं ना! म्हणून शेठ ती सोडतच नसत. निळं पाणी मागच्या नळीनं थेट नाल्यात. आणि ‘यंत्र चालू आहे’ या कागदावर सही लागते केमिस्टची, म्हणजे माझी, मंजुषाची. उद्या पोलीस आले तर शेठ हात वर करणार, आत मी जाणार.

खंडेनवमीला प्रदूषण खात्याचे साहेब नमुना घ्यायला येणार होते. शेठनी आदल्या दिवशीच टँकर मागवून यंत्राच्या टाकीत पिण्याचं पाणी भरलं.

"बघ, झालं साफ. कर सही."

"नाही करणार."

"मग दुसरी केमिस्ट बघतो. उद्या संध्याकाळपर्यंत विचार कर."

सकाळी झाडलोट करणाऱ्या लंकाबाईनं सगळ्या यंत्रांची पूजा केली. या यंत्राजवळ तिनं हात सैल सोडला. अख्खी हळदीची पुडी, वर कुंकू, झेंडूची माळ, नारळाचं पाणी. सगळं टाकीत. लग्नघरातली हळद बरी, असा रंग झाला.

"लंकाबाई! हे काय करून ठेवलं?" शेठ किंचाळले.

"बाकीच्या मशिनींना बोटभर लावली. हे हिऱ्याचं हाय ना, शेठ? मग पुडी नको?"

तेवढ्यात साहेबांची जीप फाटकातून आत आली. आता टँकर कुठला!

"शेठ, यंत्र चालू करते," मी म्हणाले.

"आज? पूजा झालेलं यंत्र खंडेनवमीला चालवायचं नसतं. विसावा असतो त्याला."

"आवो शेठ, वरीसभर इसावाच घेतंय की ते," लंकाबाई म्हणाली.

साहेब टाकीत डोकावले. "कारखाना निळ्या शाईचा ना? मग पाणी पिवळं कसं?"

"नवीन रंग काढतोय, साहेब."

"झेंडूचा?"

मी फुलं उपसली, वीज नीट जावी म्हणून पाण्यात मीठ टाकलं आणि खटका दाबला. पट्ट्यांवर बुडबुडे उठले. साहेबांचा चहा झाला, दुसरा झाला, पेपर वाचून संपला. पिवळं फिकटलं, सरबतासारखं झालं, मग नुसतं पाणी उरलं.

"अरे, हे खरंच काम करतं!" शेठ म्हणाले. लाखो रुपये मोजून यंत्र आणणारा माणूस हे म्हणतो!

लंकाबाईनं हात जोडले. "निवद घेतला बघा."

साहेबांनी नमुन्याची बाटली रिकामीच ठेवली. "हळद झाली. आता तुमचं निळं आणा. थांबतो मी."

"साहेब, आधी जेवायला जाऊ. मस्त बासुंदी..."

"डबा आणलाय."

मागची नळी मी स्वतः नाल्यातून ओढली आणि टाकीत सोडली. निळं पाणी धो धो आलं. सगळे टाकीकडे बघत होते, शेठ तेवढे विजेच्या मीटरकडे. थोड्या वेळानं त्यांनी तोच कागद माझ्यापुढं धरला.

"आता तरी कर, बाई."

"निळं जाऊ दे आधी," मी म्हणाले आणि स्टूल ओढून टाकीपाशी बसले.